दिसलं ना?

मित्रांनो, आधी माझ्या खोक्यावरची धूळ फुंकून टाका, मग बोलू. हं, असं. आता दार उघडा, पण जपून, वरची बिजागरी निखळली आहे. आत मान खाली घालून बसलेला काळा-पितळी म्हातारा दिसतोय, तो मी. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कॉलेजात मात्र एवढ्या लांबलचक नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. तिथं मी अकरा नंबर. तुम्ही पायी निघालात की थट्टेनं म्हणता, अकरा नंबरच्या गाडीनं चाललोय. मी मात्र त्या नंबराचा असून जन्मभर जागचा हललो नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मला माणूस अख्खा दिसत नाही. त्याचा फक्त एक डोळा दिसतो. बाकीचं मला ऐकून कळतं, कारण टेबलावर काही बोललं गेलं की ते माझ्या पितळेत शिरतं. पण एवढा एक डोळा मला पुरतो. कोण खरंच बघतोय आणि कोण नुसताच डोळा लावून वेळ काढतोय, हे माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. ही बढाई मारत नाही मी. हे कळत नसतं तर माझं म्हातारपण जरा सुखात गेलं असतं.

माझं भिंग एका वयस्क कारागिरानं घासलं. तीन दिवस तो त्याच्याच मागं होता. घासायचं, धुवायचं, छापील कागदावरच्या एका अक्षरावर धरायचं आणि नाराज होऊन परत घासायला घ्यायचं. शेजारी बसणारा कंटाळून म्हणाला, "पुरे की आता. चांगलं दिसतंय." त्यावर आमचा कारागीर मान वर न करता म्हणाला, "चांगलं दिसणं निराळं आणि आहे तसं दिसणं निराळं." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. नवा होतो, आणि पितळेची चकाकी अंगावर होती. कौतुक करून घ्यायची फार घाई होती मला.

मग आम्ही चाळीस भावंडं एका कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलो. लांब टेबलं होती, उंच स्टुलं होती, एका बाजूला पाच खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला हात धुवायची बेसिनं. सुरुवातीची वर्षं मजेची गेली. मुलं माझ्या नंबरासाठी भांडायची, कारण माझं भिंग सगळ्यांत स्वच्छ होतं. मग एका दिवशी कुणाचं तरी कोपर लागलं आणि मी टेबलावरून खाली आलो. भिंग वाचलं, पण मान कायमची सैल झाली. मान म्हणजे माझी उभी नळी. चाक फिरवून ती नेमकी जागेवर आणली तरी हात सुटला की ती आपल्याच वजनानं हळूहळू खाली घसरायची आणि समोरचं सगळं धुरकट व्हायचं. मुलांनी माझं नाव मानटाक्या ठेवलं. दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, "याचा हा भाग आता मिळत नाही. टाकून द्या."

तेव्हा आमचे मोठे सर म्हणाले, "मान सैल झाली म्हणून काय झालं? नजर चांगली आहे त्याची."

त्यांनी एका चिठोऱ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि माझ्या खोक्याच्या दाराला आतून चिकटवल्या. 'याची मान सैल आहे. बघताना मोठ्या चाकावरचं बोट काढू नये.' बस्स, एवढंच. त्या दोन ओळींवर मी पुढं कितीतरी वर्षं काम केलं.

मोठ्या सरांची एक रीत होती. ते कधीही 'दिसलं का?' असं विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "काय दिसतंय?" आणि मग थांबायचे. मुलगा अडखळायचा, चुकीचं सांगायचा, तरी ते थांबायचे. ते जवळ येताच मुलं उठायला लागली की म्हणायचे, "बस, बस. बोट राहू दे चाकावर, मीच वाकतो." आणि दुखऱ्या कमरेवर हात ठेवून वाकायचे. मूल जागेवरून नुसतं डोकं बाजूला करायचं, बोट तिथंच, आणि मी मान न टाकता त्यांना दाखवायचो. माझ्यासारख्या मोडक्याचीही अब्रू राखायचे ते.

अशात ती मुलगी आली. तिचा प्रवेश उशिरा झाला होता, म्हणून बाकीचे नंबर वाटून झाल्यावर उरलेला अकरा नंबर तिच्या वाट्याला आला. तिची आई घरी शिवणकाम करायची. आईची नजर कमी झाली होती, त्यामुळं सुईत दोरा ओवून देणं हे लहानपणापासून हिचं काम. प्रयोगशाळेत काचा धुवायला आणि यंत्रं काढून द्यायला जे मामा होते, त्यांना पहिल्याच आठवड्यात हे कळलं आणि ते तिला सुईताई म्हणायला लागले. मामा सगळ्यांना काहीतरी म्हणायचेच. मलासुद्धा ते 'आमचे दाजी' म्हणायचे, कारण माझी सतत काही ना काही कुरकुर असायची.

सुईताई पहिल्यांदा माझ्यावर डोळा लावून बसली ती अगदी सुई ओवावी तशी. एक डोळा घट्ट मिटलेला आणि श्वास रोखलेला. मोठे सर म्हणाले, "दुसरा डोळा मिटू नकोस, दमशील. दोन्ही उघडे ठेव आणि लक्ष एकात ठेव." तिला ते चार दिवसांत जमलं. बाकीच्यांना सहा-सहा महिने लागतात.

एके दिवशी कांद्याचा पापुद्रा बघायचा होता. सगळ्यांनी जर्नलमध्ये विटांची भिंत रचावी तशा पेशी काढल्या. हिनं काढलं एक मोठं गोल, काठाला जाड काळं. शेजारणीनं वाकून बघितलं आणि फिस्सकन हसली. "सर, हिनं टायर काढलाय." वर्ग हसायला लागला. माझ्या चाकावरचं बोट मात्र तिनं काढलं नाही, ते मला अजून आठवतं.

मोठे सर आले, वाकले, बघितलं आणि तिच्या जर्नलमध्येही बघितलं. मग म्हणाले, "हा हवेचा बुडबुडा आहे. वरची काच ठेवताना हवा अडकली की असा दिसतो."

"म्हणजे चुकलं, सर?"

"काच ठेवायला चुकलीस. बघायला नाही चुकलीस. वर्गात एकोणचाळीस कांदे पुस्तकातले आहेत. तुझा हा बुडबुडा तेवढा काचेखालचा आहे."

त्यांनी लाल पेनानं तिथं काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर तिनं अगदी हळू आवाजात वाचलं, जणू मलाच वाचून दाखवलं. 'बुडबुडा. पण पाहिलेला.' मोठे सर असेपर्यंत तो वर्ग पुन्हा तसा हसला नाही. पुढच्या तासाला आणखी दोघांनी बुडबुडे काढले आणि एकानं तर काचेवरचा आपल्या बोटाचा ठसा काढला. त्या वर्षी प्रयोगशाळेत किती प्रश्न विचारले जायचे, बापरे. मामा म्हणायचे, "सर, या पोरांना जरा आवरा, माझ्या काचा वाळत नाहीत यांच्या बोलण्यानं."

सुईताई लवकर यायची. डबक्याच्या पाण्याचा थेंब घेऊन त्यात काय काय पळतंय ते मला सांगत बसायची, जसं काही ते मला माहीतच नव्हतं. एकदा तिची आई कसल्याशा अर्जावर सही करायला कॉलेजात आली. मोठ्या सरांनी तिला स्टुलावर बसवलं, तिच्याच बाहीला चिकटलेला दोऱ्याचा तुकडा काढून काचेवर ठेवला आणि लेकीला म्हणाले, "तू बोट धर, आईला बघू दे." मला आईचा डोळा दिसला. बुबुळावर पांढुरकी साय आणि कडेला थकव्याच्या लाल रेषा. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा माझा दोरा? इतका उसवलेला असतो होय? आणि मी म्हणायचे, गुळगुळीत आहे."

मोठे सर हसले. म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीची नजर फार चांगली आहे. दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत अशी माणसं लागतात. हजार पेशींत एक वेगळी असते, ती बघणाऱ्यालाच सापडते. पुस्तकात बघून सापडत नाही."

"तिथं बसवाल हिला?"

"मी कोण बसवणार? तिची ती बसेल. आपण फक्त तिची नजर जपायची."

त्या दिवसापासून सुईताईनं ते मनावर घेतलं. तिला तिथंच बसायचं होतं, त्या रक्ताच्या खोलीत. मामांना ती दर दोन दिवसांनी विचारायची, "मामा, रक्त लाल असतं तर भिंगाखाली फिकट का दिसतं?" मामा म्हणायचे, "मला विचारतेस? मला घोटभर चहा पुरतो ग, भिंगाखालचं काय कळणार."

वर्ष सरलं आणि मोठे सर निवृत्त झाले. जाताना ते प्रत्येक टेबलाजवळ उभे राहिले. माझ्या चाकावर त्यांनी बोट ठेवलं, उगाच, समोर काही बघायला नसताना. मामांना म्हणाले, "अकरा नंबरचं लक्षात आहे ना?" मामा म्हणाले, "आहे की, सर." मित्रांनो, मी तेव्हा रडलो असतो. पण भिंगाला पाणी चालत नाही.

नंतर नवे सर आले. खोटं कशाला बोलू, ते हुशार होते. फळ्यावर आकृती काढायचे तर छापल्यासारखी. कधी तास बुडवला नाही की कधी उशीर केला नाही. त्यांनी आल्या आल्या प्रयोगशाळा लख्ख करून घेतली. भिंतींवरचे, कपाटांवरचे, खोक्यांतले सगळे कागद काढायला लावले. "ही प्रयोगशाळा आहे, सूचनाफलक नाही." मामांनी माझ्या दाराची चिठ्ठी नखानं हळूच सोडवली. टोपलीत न टाकता खिशात घातली, हे मला आवाजावरून कळलं. पण दारावर ती उरली नाही.

नव्या सरांची रीत वेगळी होती. ते टेबलांमधून भरभर जायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "दिसलं ना?" आता तुम्हीच बघा, मित्रांनो, 'का' आणि 'ना' यांत किती अंतर आहे. 'दिसलं का?' म्हटलं तर 'नाही' म्हणता येतं. 'दिसलं ना?' म्हटलं की 'नाही' हे उलट उत्तर होतं. पहिल्या आठवड्यात पुढच्या टेबलावरच्या एका मुलानं म्हणून बघितलं, "नाही दिसलं, सर." नवे सर म्हणाले, "मग चष्मा लाव. का डोकंही तपासून आणायचं?" हसू उसळलं. तो मुलगाही हसला, बिचारा. त्यानंतर त्या खोलीत कुणाला काही दिसलं नाही असं झालंच नाही. सगळ्यांना सगळं दिसायचं. मुलांनी त्यांचं नाव ना-सर ठेवलं, पण ते पाठीमागं. तोंडावर सगळे 'हो सर'.

आणखी एक नियम त्यांनी घातला. सर टेबलाजवळ आले की उठून उभं राहायचं आणि दोन पावलं मागं सरायचं. शिस्त म्हणून. नियमात वाईट काही नव्हतं. मोठ्यांसमोर उठून उभं राहायला तर सगळ्याच मुलांना घरी शिकवलेलं असतं.

एके दिवशी कांद्याच्या मुळाचं टोक बघायचं होतं. त्याला रंग लावून काचेखाली चेपलं की वाढणाऱ्या पेशी दिसतात. नशीब असेल तर एका पेशीच्या दोन होतानाचा क्षण सापडतो. आतले बारीक दोरे दोन बाजूंना ओढले जाताना दिसतात. चाळीसांतल्या दोघा-तिघांना तो सापडतो. सुईताई पाऊण तास बसून होती. एका दमात नाही, सावकाश, एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत. आणि तिला तो सापडला. तिची पापणी माझ्या काचेला लागली, एवढी ती पुढं झाली. दोऱ्यांचे दोन झुबके दोन टोकांना निघाले होते आणि एकच दोरा मधेच मागं राहिला होता. पुस्तकातल्या आकृतीत असा दोरा नसतो. खऱ्या पेशीत कधीकधी असतो. चाकावर बोट ठेवून तिनं दुसऱ्या हातानं तो जसाच्या तसा जर्नलमध्ये उतरवला.

मग तिनं हाक मारली. "सर, मला सापडलं."

वर्षभरात त्या खोलीत पहिल्यांदा कुणी आपणहून सरांना बोलावलं होतं.

नवे सर आले. आणि ती, चांगल्या घरची मुलगी, उठून उभी राहिली. दोन पावलं मागं सरली. बोट सुटलं.

मी सांगतो तुम्हाला, मी होता नव्हता तेवढा जोर लावला. पण सैल मान ती, किती धरणार. नव्या सरांचा डोळा माझ्यावर टेकेपर्यंत सगळं धुरकट झालं होतं. आणि टेकला म्हणजे तरी काय, पापणी लवेपर्यंतही नाही. त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं होतं.

"कुठं आहे?"

"आत्ता होतं, सर."

"आत्ता होतं. म्हणजे पळून गेलं?"

मागं कुणीतरी हसलं. सर म्हणाले, "जर्नल बघू." पानांचा आवाज झाला. "हे मधे काय लोंबतंय? पुस्तकात आहे हे?"

"नाही, सर. पण मला दिसलं."

"पुस्तक लिहिणाऱ्यांना दिसलं नाही, तुला दिसलं. मनानं चित्रं काढायची तर चित्रकलेला जायचं होतं."

तेवढ्यात बेसिनाकडून मामांचा आवाज आला. "सर, त्या अकरा नंबरची मान जरा..."

"मामा, काचा धुवून झाल्या का?"

नळाचं पाणी वाहत राहिलं. मग मामा म्हणाले, "होतायत, सर." आणि पुढचं बोलले नाहीत.

लाल पेनाची लांब रेघ कागदावर ओढली गेली ती मी ऐकली. सर लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, "काल्पनिक. पुन्हा काढा." आणि पुढच्या टेबलाकडं गेले. ती परत स्टुलावर बसली. तिनं चाक फिरवलं नाही. नुसता डोळा लावला, कुणाला दिसू नये म्हणून. माझ्या वरच्या काचेवर खारट पाणी आलं. भिंगाला पाणी चालत नाही हे तिला मोठ्या सरांनी शिकवलं होतं, तरी तिनं ते पुसलं नाही.

तास संपला. ती घाईनं निघून गेली, काच माझ्यावर तशीच राहिली. आणि आता जे सांगतोय ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुपारच्या सुट्टीत खोली रिकामी असताना नवे सर परत आले. एकटेच. माझ्यापाशी बसले आणि हळूहळू चाक फिरवायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा डोळा माझ्यावर टेकला आणि टिकला. मी तो मागं राहिलेला दोरा त्यांना दाखवला, स्वच्छ, आहे तसा. त्यांनी श्वास रोखला. त्यांनाही बघता येत होतं हो. कुणास ठाऊक कधीपासून त्यांनी बघितलं नव्हतं. मग त्यांनी चाकावरचा हात काढला आणि मी मान टाकली. पुन्हा हात लावला, पुन्हा चित्र आलं. सोडला, गेलं. तीन वेळा त्यांनी तसं केलं. तिसऱ्या वेळी त्यांना सगळं कळलं होतं.

मी रात्र मोजून काढली. उद्या ते वर्गात सांगतील, असं मला वाटत होतं. फार नको होतं मला. 'तुला दिसलं ते बरोबर होतं', एवढी चार-पाच शब्दांची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि मामांना म्हणाले, "अकरा नंबर निकामी आहे. परीक्षा झाली की अडगळीत टाका." बस्स. एवढंच म्हणाले. चाळीस मुलांसमोर आपली चूक कबूल केली तर धाक राहणार नाही, असं त्यांना वाटलं असेल. त्यांचे स्वतःचे सर कसे होते कोण जाणे. मी त्यांचा राग खूप दिवस धरला. आता धरत नाही, पण विसरतही नाही.

सुईताईचा डोळा हळूहळू बदलला. आधी तो नुसता भित्रा झाला. मग तो वेळेवर यायला लागला, लवकर येईना. मग तो माझ्यावर टेकायचा पण बघायचा नाही. समोर पेशी असायच्या आणि तिच्या मनात पुस्तकाचं पान. मामांना हे कळलं असावं. एकदा सगळे गेल्यावर त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली. "ही घे, सुईताई. मोठ्या सरांचं अक्षर आहे. सरांना दाखव, म्हणजे तुझी चूक नव्हती हे कळेल."

तिनं चिठ्ठी वाचली. आवाज अगदी शांत होता. "राहू द्या, मामा. सरांना पुस्तकातलं हवंय. ते देते मी. त्यात काय अवघड आहे?"

मामांनी ती परत खिशात ठेवली.

परीक्षेच्या दिवशी यंत्रं कमी पडत होती म्हणून मलाही मांडलं. बाहेरून परीक्षक आले होते. सुईताईला पुन्हा तोच प्रयोग आला, मुळाच्या टोकाचा. माझ्या खाली एक छोटा आरसा आहे, तो खिडकीकडं वळवला की उजेड आत येतो. तिनं तो वळवलाच नाही. तो भिंतीकडं तोंड करून राहिला. तिनं काच ठेवली, डोळा लावला, आणि आत मिट्ट काळोख. त्या काळोखात मी तिच्याकडं बघत होतो आणि ती कशाकडंच बघत नव्हती. वरून वर्गाचे आवाज येत होते. थोड्या वेळानं तिनं पेन्सिल उचलली. चित्र सुरेख आलं म्हणे, दोरे सारखे, झुबके सारखे, मधे काहीही मागं राहिलेलं नाही.

परीक्षक आले. ती उठून उभी राहिली, दोन पावलं मागं सरली.

"दिसलं ना?"

"हो, सर."

परीक्षक माझ्यावर वाकलेसुद्धा नाहीत. कागद बघून म्हणाले, "वा." नवे सर शेजारीच होते. त्यांच्या आवाजात खरंच आनंद होता. "बघितलंस? सांगितलं तसं केलं की कसं नीट येतं."

तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. आईनं पेढे म्हणा, गूळ म्हणा, घरात होतं ते मामांच्या हातावर ठेवलं. आणि मी गेलो अडगळीच्या खोलीत, खालच्या फळीवर. मला ठेवताना मामांनी ती चिठ्ठी पुन्हा दाराला आतून चिकटवली. कशासाठी, ते त्यांचं त्यांना माहीत. मला वाटतं, कुठंतरी ठेवायला हवीच होती.

मधे काही वर्षं गेली. मामा अधूनमधून यायचे, खोक्यावर हात टेकून चार गोष्टी सांगायचे. सुईताई दवाखान्यात लागली, रक्ताच्या खोलीत, हे त्यांनीच सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण तसा झाला नाही. रोज कुणाच्या ना कुणाच्या रक्ताचा थेंब तिच्या काचेखाली येत असेल. ती आरसा उजेडाकडं वळवत असेल ना, हाच विचार.

शेवटचे मामा आले ते भिंत धरत आले. खाली बसले. बराच वेळ दम खात राहिले आणि मग म्हणाले, "दाजी, ऐका गंमत."

गंमत अशी होती. सहा महिन्यांपूर्वी मामांना थकवा यायला लागला म्हणून रक्त तपासलं, सुईताईच्याच दवाखान्यात. कागदावर आलं, सगळं ठीक. थकवा वाढला. परवा पुन्हा गेले. पुन्हा कागद आला, सगळं ठीक, खाली तिची सही. या वेळी ती काचेपलीकडं बसलेली दिसली म्हणून मामा भेटायला आत गेले. तिनं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. गप्पा झाल्या. आणि सहज, अगदी सहज, मामांच्या तोंडून जुन्या सवयीनं निघालं, "मग सुईताई, माझ्या रक्तात काय दिसतंय?"

"ठीक आहे, मामा. लिहिलंय ना कागदावर."

"लिहिलंय ते वाचलं ग मी. दिसतंय काय, ते सांग."

ती गप्प झाली. मामा म्हणाले, "दाजी, मीही थांबलो. सर थांबायचे तसा." मग ती म्हणाली, "थांबा मामा, परत बघते." ट्रेमधून मामांची काच शोधून काढली आणि यंत्राशी बसली. दोन्ही डोळे उघडे. मोठ्या चाकावर बोट. तिथलं यंत्र नवंकोरं, त्याची मान घट्ट, बोट ठेवायची काही गरज नव्हती. तरी ठेवलं. पाऊण तास ती उठली नाही. चहा निवून गेला. मग तिनं मान वर केली आणि मामांकडं बघूच शकेना. "मामा, उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरांना भेटा. मी येते बरोबर." आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडली. "गेल्या वेळीही असणार हे. मी बघितलंच नव्हतं."

मोठे डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी दिसायला हवं होतं.

मामा तिच्यावर रागावले नाहीत. माझ्या खोक्यावर हात फिरवत म्हणाले, "तिची काय चूक, दाजी. त्या दिवशी सर 'काचा धुवून झाल्या का' म्हणाले आणि मी 'होतायत' म्हणालो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर." मला सांगायचं होतं, की मामा, मी मान टाकली नसती तर. आणि मला ठाऊक होतं, की एक तिसरा माणूस तीन वेळा चाक फिरवून सगळं बघून गेला होता. पण मला बोलता येत नाही. मला फक्त दाखवता येतं.

मामा परत आले नाहीत.

ती आली एकदा. अडगळीची खोली उघडून घेतली, माझं दार उघडलं आणि चिठ्ठी वाचत उभी राहिली. मग मला इथं प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी आणून ठेवलं, तुमच्या हाती लागेन अशा जागी. चिठ्ठी तिनं तशीच ठेवली. जाताना म्हणाली, रोज प्रत्येक काच ती दोनदा बघते. एकदा कामासाठी, आणि एकदा मामांसाठी.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या शिकवायला उभे राहतील. तुम्ही फळ्यावर काय काढलंत ते मुलं विसरतील, पण त्यांच्या 'नाही दिसलं'वर तुम्ही हसलात की थांबलात, ते त्यांच्या डोळ्यांत राहील. आणि आज जे शिकताय, त्यांनी 'ना'ला भिऊ नका. नसेल दिसलं तर नाही म्हणा. माझी पितळ पुसली नाहीत तरी चालेल, बिजागरी नाही बसवलीत तरी चालेल.

आता चिठ्ठी वाचून घ्या. चाकावर बोट ठेवा आणि आरसा उजेडाकडं वळवा. उठू नका, मागं सरू नका. मला घाई नाही, मी थांबतो.

सांगा बरं, काय दिसतंय?